कातळातली मऊ जागा

आडारे गावच्या माणसाला गाव सोडून राहायला सांगितलं की लग्नघरासारखा उत्साह येतो. दर चार-पाच वर्षांनी देवी पावणाईचा कौल होतो, आणि मार्गशीर्षातल्या एका दुपारी नगारा वाजला की अख्खा गाव उठून वेशीबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या टोपल्यांखाली झाकून नेतात, अंथरुणाला खिळलेले म्हातारेसुद्धा खाटेसकट उचलतात. मग तीन दिवस आणि तीन रात्री गाव देवीचा. तिथे चूल पेटायची नाही, माणसाचं पाऊल पडायचं नाही. पुन्हा कौल मिळाला की मगच परत फिरायचं. याला गावपळण म्हणतात. पळण कसली, सुट्टीच ती! वेशीबाहेरच्या सड्यावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, वडे-सागोतीचा वास सुटतो आणि एरवी बांधावरून भांडणारी दोन घरं एकाच चुलीवर चहा उकळतात.

त्या वर्षी बाबलीची खोप सगळ्यांत आधी उभी राहिली. सडा म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ. तिथे खोपीची मेढ, म्हणजे खांब, पुरायची तर पहारीतून ठिणग्या उडतात आणि माणसाच्या तोंडातून शिव्या. शेजारचा भाई घामाघूम होऊन एका वीतभर खड्ड्याशी झुंजत होता, तेवढ्यात बाबलीला रस्त्याच्या उजव्या अंगाला अशी एक जागा सापडली की पहार सरसर आत गेली. तळाशी काहीतरी चिवट लागलं, मुळासारखं. बाबलीनं अंगातलं सगळं बळ लावून आणखी दोन घाव घातले आणि मेढ ठोकून बसवली.

"तुकाच बरी मऊ जागा गावता रे!" भाई म्हणाला.

"हात लागता मेल्या, हात," बाबली म्हणाला. "जमिनीक हात लावलो काय माका कळता खाली काय आसा ता."

बढाई त्याच्या तोंडी शोभायचीही. बाबली टेलिफोनच्या ठेकेदाराकडे केबल जोडायच्या कामाला होता. काचेच्या केसासारख्या तारा, दोन टोकं जुळली की नाही हे डोळ्याला दिसतही नाही, पण बाबलीनं जोडलेली तार वर्षानुवर्षं बिघडत नसे. तिठ्यावरच्या एक्स्चेंजपासून सडा ओलांडून, आडाऱ्यातून, थेट खाडीच्या तोंडाशी असलेल्या दांड्यापर्यंतची लाइन त्यानंच जोडली होती. दांड्यावर ती एका लहानशा एक्स्चेंजच्या पेटीत शिरायची आणि तिथून मच्छीमारांच्या साठेक घरांतले फोन वाजायचे. जोडणी त्याची, तार जमिनीत गाडायचं काम मात्र ठेकेदाराच्या दुसऱ्या माणसांचं. कागदावर केबल सगळीकडे रस्त्याच्या डाव्या अंगाला होती, आणि कागद खोटा कशाला बोलेल?

त्या साठ घरांपैकी एक त्याच्या धाकट्या बहिणीचं, लक्ष्मीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती होडीनं आली. दांड्याला जायचा रस्ता आडाऱ्यातूनच जातो, आणि आडारे आता बंद होतं. सड्याखालच्या तरीवर, म्हणजे होडीच्या धक्क्यावर, उतरून ती चढण चढून वर आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"दादा, फोन मेलो. कालपासना. सगळ्या दांड्यावरचे."

लक्ष्मीचा नवरा लवू गोव्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी होता. पंधरवड्यापूर्वी जाळं ओढायच्या विंचचा दोर तुटून त्याच्या पोटावर बसला आणि तेव्हापासून तो तिकडच्या इस्पितळात पडून होता. लक्ष्मी त्याच्याजवळ आठवडाभर राहिली. मग इकडे सासू अंथरुणात आणि लेक रिया लहान, म्हणून परतली. लवूजवळ त्याचा भाऊ गुरुदास थांबला होता. तो रोज संध्याकाळी इस्पितळासमोरच्या बूथवरून फोन करायचा: आज पेज प्यायला, आज उठून बसला. लक्ष्मीचा दिवस त्या एका फोनवर चालायचा. तिला उलट फोन करायची सोय नव्हती, कारण गुरुदासजवळ मोबाइल नव्हता, इस्पितळात फोनवर कोणी धड उत्तर देत नसे आणि दांड्यावर मोबाइलचा टॉवरही नव्हता.

"परवा तेंचा दुसरा ऑपरेशन झाला," ती म्हणाली. "कालच्या फोनात कळतला होता कसे आसत ते."

"तू बस. आनंदी, हिका चाय दी," बाबलीनं बायकोला सांगितलं आणि सायकल काढली.

तिठ्यावर ओरोसहून मागवलेलं तपासणीचं यंत्र दुपारी येऊन पोचलं. हे यंत्र तारेत उजेडाचा एक ठोका सोडतं. जिथे तार तुटली असेल तिथून उजेड माघारी फिरतो, आणि तो किती वेळानं परत आला त्यावरून यंत्र सांगतं की तार किती किलोमीटरपर्यंत धड आहे. पडद्यावरची रेघ सरळ गेली, गेली आणि साडेसहा किलोमीटरवर कड्यावरून पडावी तशी खाली कोसळली.

बाबली मनातल्या मनात रस्त्यानं निघाला. तिठा, काजूची बाग, साकव, सड्याची चढण, गावाची वेस. साडेसहा म्हणजे वेशीच्या आत. साडेसहा म्हणजे नेमकं पावणाईच्या देवळासमोर.

त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "गावाच्या भावनेचा प्रश्न आहे. दोन दिवसांत काही बिघडत नाही. लोक परत गेले की खोदा." साहेबांच्या घरचं कोणी इस्पितळात नव्हतं, त्यांना बिघडत नाही असं वाटणं साहजिकच होतं.

सड्यावर बाबलीनं ही गोष्ट सांगितली तेव्हा माणसं त्याच्याभोवती जमली. गावकार, म्हणजे देवीच्या कौलाचा मानकरी, डोळे मिटून म्हणाला, "देवीन आपल्या दारातली वाट बंद केल्यान. तीन दिस कोणी बोलाचा नाय, असाच तिच्या मनात आसतला." आता बाबली हा काही उठल्यासुटल्या अंगारे लावणारा माणूस नव्हता. पण यंत्र आणि गावकार यांचं एकमत झालेलं तो जन्मात पहिल्यांदा पाहत होता, आणि अशा वेळी शहाण्या माणसाचीही अक्कल जरा गवत खायला जाते. यंत्राच्या आकड्याला उलटून एक प्रश्न विचारायचा असतो, तो त्यानं विचारला नाही.

लक्ष्मी सगळं ऐकत उभी होती. "मगे मी गोव्याक जातंय," ती म्हणाली. "मालवणात जावन संध्याकाळची गाडी धरतंय. सासयेक शेजारीण बघतली."

बाबलीनं तिला अडवलं. तिनं जायला हवं होतं, तिच्या मनानं अचूक घेतलं होतं. पण भाऊ थोरला, त्यात लाइनीतला माणूस. "खुळी काय गो तू? फॉल्ट खंय आसा ता माका कळला हा. गाव भरलो काय तासाभरात लाइन जोडतंय. गुरुदासचो फोन येतलो आणि तू घरात नाय, मगे? तो बिचारो घाबरतलो. तू फोनाकडे बस."

"नक्की दादा?"

"माझ्यावर विश्वास नाय?"

तिचा होता. हीच तर सगळी गोम. ती आल्या होडीनं परत गेली आणि फोनाजवळ बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सड्यावर पंगत बसली होती. भजनी मंडळी टाळ बाजूला ठेवून वड्यांवर तुटून पडली होती, आणि तिठ्याकडून एक पांढरी गाडी धूळ उडवत आली. वेशीशी येऊन थांबली. पुढच्या दारातून गुरुदास उतरला. त्याचे डोळे पाहून बाबलीच्या हातातला वडा पानात पडला.

लवू त्याच दिवशी पहाटे गेला होता. ऑपरेशननंतर अंगात विष भिनलं. डॉक्टरांनी गुरुदासला परवाच सांगितलं होतं, बायकोला बोलावून घ्या.

"मग नाय बोलवलंस कित्याक?" बाबली ओरडला.

"फोन लावी होतंय रे! दोन दिस लावी होतंय," गुरुदास म्हणाला. "फोनातली बाय सांगी होती, ह्या मार्गावरच्या सर्व लाइनी व्यस्त आहेत, थोड्या वेळान डायल करा. माका वाटला लगीनसराय आसा, मुंबयवाले बोलतत. व्यस्त म्हणजे चालू, असाच मी समजलंय. थोड्या थोड्या वेळान लावीत रवलंय. तुटलो म्हणान कोणी सांगल्यान असता तर मी रातोरात इलो असतंय. तो तिचाच नाव घेई होतो, बाबली. लक्ष्मी इली काय, लक्ष्मी इली काय..."

गाडीला गावातून सोडता येईना. गावकारानं हात जोडले, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण रिकाम्या गावातून जिवंत माणूस जात नाही तिथे मढं कसं जाणार? चौघांनी लवूला खांद्यावर घेतलं, चढण उतरून तरीवर नेलं आणि होडीत ठेवलं. बाबली पुढे बसला.

दांड्यावर लक्ष्मी खरोखरच फोनाजवळ होती. अंगणात भाऊ एकटाच आलेला तिनं पाहिला आणि उठून दारात आली. तिच्या तोंडावर आशा होती. बाबलीला पुढे कितीतरी दिवस तेवढंच दिसायचं.

"फोन झालो, दादा?" तिनं विचारलं.

आणि मग मागून माणसं वर आली.

दुसऱ्या दिवशी कौल मिळाला, नगारा वाजला आणि गाव हसतखेळत घरी गेला. बाबली थेट देवळासमोर गेला. त्यानं दोन गडी लावून खणायला घेतलं. डोकं कामात ठेवलं की बरं असतं. केबल लागली. काळीभोर, ओरखडासुद्धा नाही. आणखी पुढे खणली, मागे खणली. धड होती. देवीनं आपल्या दारातलं काहीच बंद केलं नव्हतं.

तो चराच्या कडेला बसला आणि तिथे त्याला साकव आठवला. गेल्या मे महिन्यात साकव पाडून नवा पूल व्हायचा होता, म्हणून लागली तर असावी अशा विचारानं त्यानं स्वतः साकवाजवळच्या खड्ड्यात जादा केबलचं भलंमोठं वेटोळं ठेवलं होतं. प्रत्येक जोडाशीही थोडी थोडी. सगळी मिळून चारशे मीटर तरी. उजेडाला त्या वेटोळ्यांतूनही फिरावं लागतं आणि यंत्र ती वाटही मोजतं. रस्ता मोजत नाही. पोरसवदा शिकाऊ माणूसही ही वजाबाकी करतो. बाबलीनं ती केली नव्हती, कारण आकडा देवळासमोर येऊन थांबला आणि तो हात जोडून मोकळा झाला.

तो उठला आणि उलट चालू लागला. देवळापासून वेशीकडे, वेशीतून बाहेर. पावलं मोजायची त्याला गरज पडली नाही. सड्यावर खोपी मोडून झाल्या होत्या, झावळ्या वाऱ्यावर लोळत होत्या, आणि रस्त्याच्या उजव्या अंगाला एक मेढ अजून ताठ उभी होती. सगळ्या सड्यावर पहार सरसर जाईल अशी जागा एकच असणार: जिथे आधी कोणीतरी चर खणून बुजवलाय. डावीकडचा कातळ फुटेना म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी तार तेवढ्यापुरती उजवीकडे घेतली होती, आणि तीही हातभर खोलच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. बाबलीनं कळशाला स्वतःच भोक पाडलं होतं आणि तीन दिवस त्याच्या उशाशी झोपला होता.

त्यानं मेढ उपटली. खाली काळा पाइप पहारीनं फोडलेला, आत काचेच्या तारा चिरडून पांढऱ्या पडलेल्या. बाबली त्या भोकाशेजारी उकिडवा बसला आणि गुरासारखा हंबरला. ऐकायला कोणी नव्हतं.

मग त्यानं तार जोडली. जोड नेहमीसारखाच चांगला बसला, हातांना काय कळतं! तिठ्यावर जाऊन यंत्र लावलं. रेघ दांड्यापर्यंत सरळ गेली. काम झालं की शेवटी एखाद्या घरी फोन लावून आवाज तपासायचा असतो, आणि बाबली हा फोन नेहमी लक्ष्मीला करायचा. दुसरा नंबर लावावा असं त्याच्या मनात आलं. पण बोटांना तोच पाठ होता.

पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तिनं उचलला. अजून तिथेच बसली होती.

"कोण?"

"मी गो."

"झालो तर फोन."

"झालो."

तिनं विचारलं, "खंय तुटललो, दादा?"

बाबलीच्या नखांत सड्यावरची लाल माती होती.

"देवळासमोर," तो म्हणाला.

"म्हणजे देवीच्याच मनात होता," लक्ष्मी म्हणाली. "तू तरी काय करतलंस? मी रियाक सांगलंय, मामान आपल्याकडना सगळा केल्यान."

लाइन इतकी स्वच्छ होती की तिचं रडू आवरणंही त्याला ऐकू येत होतं.