राबाची काडी

ठाण्याचे तिकीट खिशात असताना गुरुदत्त दिव्याला उतरला. उतरला आणि लगेच पस्तावला, पण तोवर गाडी हलली होती. साडेदहा वाजले होते. शनिवारची कचेरी दोनला बंद होणार होती. तासभर शेत पाहू आणि पुढच्या गाडीने जाऊ, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि काखेतली कापडी पिशवी सावरत तो खाडीकडच्या पायवाटेला लागला.

पिशवीत नानांचा अर्ज होता. सोमवारी पाडवा, आणि त्याच दिवशी, एक एप्रिलला, नव्या कायद्याने कुळे जमिनीची मालक होणार होती. ज्या मालकाला जमीन स्वतः कसायची असेल त्याने मार्च संपायच्या आत मामलेदार कचेरीत अर्ज द्यायचा होता. तलाठ्याने उतारा दिला तो कालच. नानांचे गुडघे धरलेले, म्हणून डोंबिवलीहून मुलगा निघाला होता. अर्जात लिहिले होते, 'माझा मुलगा चि. गुरुदत्त शेतकी महाविद्यालयात शिकत असून सदर जमीन तो जातीने कसणार आहे.' त्यात एक अक्षर खोटे नव्हते, आणि त्रास होता तो त्याचाच.

कारण ही दोन एकर जमीन त्याला खरोखरच हवी होती. पुण्याच्या वसतिगृहात डोळे मिटले की तिचे बांध दिसत. वर्षापूर्वी शेत म्हणजे दिवाळीनंतर घरी येणारी भाताची पोती, एवढेच त्याला ठाऊक होते. इंटरला तो सपशेल आपटला, तेव्हा नाना म्हणाले, "शेतकीला जा. कायदा येतोय, जमीन हातची जाईल." आणि गेल्या मे महिन्यात त्यांनी त्याला दिव्याला धाडले, निदान आपले शेत कुठे आहे ते तरी बघून ये म्हणून.

त्या दिवशी त्यांचे कूळ असलेल्या गुणाजीने राब रचून तयार ठेवला होता. शेण, त्यावर पाला, त्यावर गवत, वरून मातीची पातळ भर. हे सगळे सावकाश जळायचे, खालची जमीन भाजायची आणि पावसाला तिच्यात रोप टाकायचे. गुणाजीच्या घरची रीत अशी की राबाची काडी ज्याचे शेत त्याने ओढायची. नाना कधी फिरकत नसत, म्हणून इतकी वर्षे गुणाजीच नानांच्या नावाने ती ओढायचा. मालकाचा मुलगा आलेला पाहून त्याने मोठ्या मानाने काडेपेटी त्याच्या हाती दिली. गुरुदत्तने वारा येत होता त्याच बाजूने काडी लावली. राब भडकला आणि पाव तासात संपला. वर राख, खाली माती जशीच्या तशी गार. गुणाजीने शिवी दिली असती तर बरे झाले असते. तो नुसता म्हणाला, "चल, शेन आनू." तीन दिवस गुरुदत्तने डोक्यावर पाट्या वाहिल्या. हातापायांची सालटी निघाली आणि काय झाले कोण जाणे, त्याला घरी जावेसेच वाटेना.

मग ते वर्ष त्याने पुणे आणि दिवा यांच्यामध्येच काढले. जुलैत तो कॉलेजातून गाठी मारलेली दोरी घेऊन आला. रोपे ओळीने लावायची, असे म्हणाला, तेव्हा गुणाजीची बायको शेवंती हसता हसता चिखलात बसली. तरी तिने एक खाचर त्याच्या दोरीने लावले. दिवाळीच्या सुटीत कापणी झाली आणि त्या खाचराचे भात तिने दोनदा मोजले. संध्याकाळी म्हणाली, "ती दोरी हितंच ठेव." त्याला पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मिळाले असते तेवढे सगळे गुण तेव्हाच मिळाले.

डिसेंबरात गुणाजीकडे नानांची नोटीस आली, जमीन सोडण्याची. घरात वाचणारे कोणी नव्हते, म्हणून गुणाजीने ती नेमकी गुरुदत्तलाच वाचायला दिली. शेताच्याच बांधावर. स्वतःचे नाव आले तिथे तो थांबला.

"वाच ना. पुढं काय हाय?" गुणाजी म्हणाला.

त्याने शेवटपर्यंत वाचले. गुणाजीने कागद घडी करून टोपीत ठेवला.

"म्हंजे तू करनार," तो म्हणाला. "बरा."

त्यानंतर गुरुदत्त आजच इकडे येत होता.

बांध चढला आणि तो थबकला. कोपऱ्यातल्या वाफ्यावर राब रचून तयार होता. शेवंती वरून माती पसरत होती.

"आलास? बरा जाला," गुणाजी म्हणाला.

"काका, हा राब कशाला?"

"कशाला म्हंजे? तुजी परीक्षा. तू सुटशील कवा, शेन आनशील कवा? राब चुकला का रोपा नाय."

"बियानाबी काडून ठेवलाय," शेवंती मान वर न करता म्हणाली. "मिठाच्या पान्यात घातला, तरंगला तो फेकला. तूच सांगितलंवतंस ना. दोरी चुलीवर टांगलीय. उंदीर लागतो."

स्वतःच्या हातून जाणाऱ्या शेताची पुढल्या वर्षाची तयारी ही दोघे करून ठेवत होती, त्याच्यासाठी. गुरुदत्तने पिशवी बांधावर ठेवली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मातीची पाटी उचलली.

साडेअकराची गाडी गेली. बाराचीही गेली. शेवंतीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. नाना समोर असते तर त्याने सुकटीला हात लावला नसता. तो पोटभर जेवला. सावली पायाखालून पुढे सरकली, तेव्हा गुणाजीने किती वाजले ते विचारले.

"अडीच," गुरुदत्त म्हणाला.

"वारा फिरंल आता. घे."

त्याने काडेपेटी पुढे केली. गुरुदत्तने ती घेतली, हातात खुळखुळवली आणि परत त्याच्या हातात ठेवली.

"तुम्ही लावा."

"नानांच्या नावानं?"

"नको," गुरुदत्त म्हणाला. "तुमच्या."

गुणाजीने त्याच्याकडे पाहिले, मग बांधावरच्या पिशवीकडे.

"कागद?"

"कचेरी दोनला बंद झाली. उद्या रविवार."

शेवंती हातातली पाटी घेऊन तशीच उभी राहिली. गुणाजी वळसा घालून पलीकडे गेला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. पहिली काडी विझली. दुसरीही विझली. तिसरी लागली.

"जुलैला सुटी काड," थोड्या वेळाने शेवंती म्हणाली. "दोरीचा दुसरा टोक धराया कोन नाय."

त्याने मान डोलावली. ते खाचर, ते बांध, खाडीवरून येणारा तो खारा वास, सगळे त्याला सकाळी हवे होते तेवढेच आताही हवे होते. तिकीट खिशात तसेच होते. डोंबिवलीचे नवे काढावे लागणार होते, आणि नानांना काय सांगायचे तेही ठरवायचे होते.

उलट्या वाऱ्याचा राब फार सावकाश जळतो. तो पुरता विझेपर्यंत गुरुदत्त बांधावर बसून राहिला.