सोमवारचा लसूण

रामेश्वर येणार म्हणून दिंद्रुडच्या मनकर्णाबाईनं पहाटेच शेंगदाणे भाजले, पाखडले, कुटले. पोरगा नेमका सोमवारीच उगवणार, त्याला ती तरी काय करणार? सोमवार म्हणजे तिचा उपास. गेली सहा वर्षं सोमवारी भगर आन् शेंगदाण्याची आमटी, दुसरं काही न्हाई. कावून? तर पुण्याच्या हॉटेलात भांडी घासता घासता आचारी झालेल्या या लेकानं सहा वर्षांत घराचं तोंड बघितलं नव्हतं. महादेवाला तिनं एकच सांगितलं होतं, माझ्या पोराला घरी येऊ दे.

आन् परवा फोनवर तो म्हणाला, "आई, मोठी गोष्ट सांगायचीय. आल्यावरच सांगतो." झालं! बाईनं स्टँडजवळचा रिकामा गाळा बघून ठेवला. शेळ्या राखता राखता तिथं पोराच्या हॉटेलाची पाटीसुद्धा मनातल्या मनात लावून टाकली. आशा लई वाईट बघा.

पोरगा आला, पाणी प्याला आन् थेट गॅसपुढं उभा राहिला.

"आई, आज तू बस. धा मिनटांत थाई चटणी करतो. कूट हाय का?"

"हाय की. पण आज सोमवार हाय रे."

"हां, हां," म्हणाला. कान जागेवर असते तर ना!

त्यानं फोन डब्याला टेकवून उभा केला. तेलात लसणाच्या आठ-दहा पाकळ्या ठेचून टाकल्या, तसा मनकर्णाबाईनं पदर नाकाला लावला. उपासाला लसूण चालतो व्हय? मग मिरची, कूट, गूळ, चिंचेचा कोळ, पिशवीतून आणलेलं नारळाचं दूध आन् बाटलीतला काळा सोया सॉस. ढवळता ढवळता तो फोनकडं बघून हिंदीत बोलत होता. दोस्तांना दाखवत असंल, असं तिला वाटलं. लेक आपल्या घरात रांधतोय याचंच तिला अप्रूप.

"खा," त्यानं वाटी पुढं केली.

देवा, जन्मात पहिल्यांदा लेकाच्या हातचं खाते, माफ कर, असं मनात म्हणत तिनं सहा वर्षांचा नेम मोडला. वाटी चाटूनपुसून साफ केली.

"कशी झाली?"

"ब्येस."

"तसं न्हाई, फोनकडं बघून सांग!"

तिनं फोनकडं बघून सांगितलं.

"झालं काम! मस्कतच्या हॉटेलवाल्यानं व्हिडिओ मागितलाय. घरचं माणूस खाऊन सांगताना दिसाय पायजे म्हणला. पुण्याच्या खोलीवर कुठं गॅस हाय, म्हणून इकडं आलो. जमलं तर म्होरल्या महिन्यात जायचं. दोन वर्षं सुट्टी न्हाई. हीच ती मोठी गोष्ट!"

मनकर्णाबाईनं गाळ्यावरची पाटी मनातल्या मनात उतरवून ठेवली. तेवढ्यात रामेश्वरला भगरीचं पातेलं दिसलं.

"उपास व्हता का? कावून करतीस गं असलं?"

"असाच," ती म्हणाली.

दुपारच्या गाडीनं तो गेला. उरलेली चटणी तिनं शेळ्यांपुढं ठेवली, शेळ्यांनी हुंगून तोंड फिरवलं.

पुढच्या सोमवारी शेजारची साखराबाई देवळात जायला हाक मारत आली, तर मनकर्णाबाई लसणाच्या चटणीबरोबर भाकरी खात बसलेली.

"अगं बाई! आज सोमवार ना?"

"असू दे. देवानं माझं ऐकलं. घरी येऊ दे म्हणले व्हते, आला. राहू दे म्हणायचं मीच इसरले."

आन् तिनं दुसरी भाकरी घेतली.