कानस

लोहाराला कॅप्टनचा राग पहिल्या दिवसापासून नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पहिल्या दिवशी त्याने स्वतःच्या फडक्याने खुर्ची पुसून दिली होती आणि भट्टीजवळची गरम जागा सोडून दाराजवळ, वाऱ्यावर बसवलं होतं. आणि घोळ तिथेच झाला. कारण दाराजवळ लोहाराची बायको दांडे तासत बसायची.

कॅप्टन म्हणजे शहराच्या बचाव पथकाचा प्रमुख. कॅप्टन होता तो शाळेत, व्हॉलीबॉलच्या टीमचा. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"दादा, एकच हत्यार हवंय," तो म्हणाला. "दार फोडायचं, पत्रा चिरायचा, गाडीची काच फोडायची. आणि तेच कमरेला लावून माणसं जंगलात गेली तर लाकूड फोडता यावं, तंबूच्या खुंट्या ठोकता याव्यात. टॉमहॉक म्हणतात ना, तसलं."

"म्हणजे हातकुऱ्हाड," लोहार म्हणाला.

"हातकुऱ्हाडच. पण दोन्हीकडची."

लोहार हसला. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, साहेब. दार फोडायला मागे चोच लागते, खुंटी ठोकायला हातोडी लागते. एकाच पाठीवर दोन्ही कुठून आणू? आणि तुमच्या पथकाला दांडा पक्का हवा, तर जंगलात तो बदलता यायला हवा."

तेव्हा दाराजवळून, मान वर न करता, बायको म्हणाली, "कुदळीचा दांडा कसा घालतो आपण?"

कॅप्टनने मान वळवली. ती वळली ती मग लोहाराकडे परत आलीच नाही.

कुदळीचा दांडा वरच्या टोकाला जाड असतो. कुदळ बारीक टोकाकडून वर सरकवायची. जितका घाव घालाल तितकी ती घट्ट बसते. दांडा मोडला तर मोडका उपसून टाका, दुसरा घाला. बायकोचं म्हणणं असं, की टॉमहॉकचं पातं तसंच बसवायचं. जंगलात दांडा मोडला तर जाडसर फांदी तासून काम भागेल. पथकासाठी पात्यातून आरपार एक खिळा, म्हणजे हलायची बात नको. आणि पाठ? अर्धी सपाट ठेवायची, नि खालचा कोपरा ओढून त्याची आखूड चोच काढायची.

"वहिनी!" कॅप्टन खुर्चीतून उठलाच. "अहो, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही!"

आता ही गोष्ट लोहाराला सुचायला हवी होती की नको? कुदळी तो करतो. दांडे ती बसवते हे खरं, पण कुदळी तो करतो! त्याने घण उचलला आणि थंड लोखंडावरच दोन घाव घातले. थंड लोखंडावर घाव घालू नये, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

त्यानंतर कॅप्टन येतच राहिला. कधी वजन सांगायला, कधी पुठ्ठ्याचं पातं कापून आणायला, कधी नुसताच, 'इकडून चाललो होतो' म्हणत. इकडून कुठे जाता येतं, सांगा? लोहाराच्या भट्टीपाशी रस्ता संपतो.

तो तिला वहिनीच म्हणायचा, वावगा शब्द नाही. पण म्हणायचा किती वेळा! वहिनी, दांडा लांब वाटतो का? वहिनी, हातमोजा घालून धरला तर? वहिनी, अंधारात चकाकायला नको, सगळं काळं करता येईल? आणि ती उत्तरं द्यायची. पुठ्ठा बोटावर तोलून दाखवायची, खडूने जमिनीवर रेघा ओढायची, पुसायची, पुन्हा ओढायची. चुकली की खळखळून हसायची.

लोहाराचं जळत होतं ते या हसण्याने. कारण हे हसणं त्याच्या ओळखीचं होतं. लग्न नवं होतं तेव्हा ती त्याच्याशी असंच बोलायची, पात्यांबद्दल, धारेबद्दल. त्याने केलेल्या प्रत्येक पात्यावर कानस फिरवून बघायची. पोलाद फार कडक राहिलं असेल तर कानस चावत नाही, नुसती घसरते. मग ती म्हणायची, "अजून थोडं उतरवा." आणि तो पातं पुन्हा तापवायचा. पुढे तिने कानस फिरवणं सोडलं. "तुमच्या हाताचं काय बघायचं?" म्हणाली होती. तेव्हा लोहाराची छाती अभिमानाने फुगली होती. आता त्याला वाटू लागलं, की त्याच दिवसापासून ती आपल्याशी बोलायची थांबली. जेवायला वाढलंय, कोळसा संपलाय, आईचं औषध आणा, एवढंच काय ते.

लोहाराची म्हातारी आई कोपऱ्यातल्या खाटेवर असायची. तिला कमी दिसायचं, पण न दिसणारं सगळं दिसायचं.

"भट्टी विझव रे," एकदा ती म्हणाली. "तुझ्याच नाकातून धूर निघतोय."

"गप बस गं आई."

"मी बसते गप. बायको हसली म्हणून कुणाला पोटशूळ उठलेला मी पहिल्यांदाच बघतेय. तू हसव की तिला! कुणी धरलंय तुला?"

हसवायचं कसं, हे मात्र तिने सांगितलं नाही.

एके दिवशी कॅप्टन जाताना म्हणाला, "परवा सकाळी चाचणी. पथकातली चार माणसं आणतो. पास झालं की हेच हत्यार कायमचं. आणि दादा, याला 'वहिनींचा टॉमहॉक' म्हणायचं ठरलंय बरं का आमच्यात!"

लोहाराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पातं घडवणार मी, हात भाजणार माझे, आणि नाव? तो "बरं" म्हणाला. मूग गिळून बसलेला माणूस जसं म्हणतो, तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको लाकूड निवडायला वखारीत गेली होती. लोहाराने पातं लाल केलं आणि तेलात बुडवलं. चर्र झालं. आता ते कडक झालं होतं, पण काचेसारखं. यानंतर मंद आचेवर पुन्हा तापवायचं, धार गव्हाच्या रंगावर आली की काढायचं, म्हणजे पोलादाचा ताठा उतरतो. हे काम तो झोपेतही करू शकला असता.

त्याने केलं नाही. पातं हातात धरून तो उभा राहिला, आणि त्याला दिसलं ते असं: उद्या कॅप्टन ऐटीत उभा, पत्र्याच्या दारावर पहिला घाव, आणि खाडकन धारेचा तुकडा उडालेला. चार माणसांसमोर साहेबांचं हसं. घ्या, दोन्हीकडची कुऱ्हाड! तुकडा डोळ्यात गेला तर? छे, तो चष्मा लावतो. पथकातली माणसं चष्म्याशिवाय काडीला हात लावत नाहीत. असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली, आणि पातं काळं करून टाकलं. काळंच तर मागितलं होतं साहेबांनी. रंग बघायला आता जागाच उरली नाही.

संध्याकाळी बायकोने दांडा बसवला. बराच वेळ ती पाठमोरी बसून होती. लोहाराने तिकडे बघितलं नाही. रात्री जेवतानाही बघितलं नाही.

सकाळी कॅप्टन आला, माणसं आली. मोडक्या गाडीचं एक दार आणून भिंतीला टेकवलं होतं. कॅप्टनने टॉमहॉक हातात घेतला, तोलला, बोटाने धार चाचपली.

"वा! काय तोल आहे! पण पहिला घाव मी नाही घालणार. पहिला मान वहिनींचा."

लोहार एक पाऊल पुढे सरकला आणि थांबला.

बायकोने पदर खोचला. कॅप्टन चष्मा पुढे करत होता. "नको," ती म्हणाली, "मला त्यातून अंदाज येत नाही." ती दारासमोर उभी राहिली, आणि वळून नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, घालू ना घाव?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. कॅप्टनही हसून बघत होता. आता तोंड उघडायचं म्हणजे या माणसासमोर, याच्या चार माणसांसमोर सांगायचं, की मी काय केलंय. आणि का केलंय! एकच घाव तर आहे, तो मनात म्हणाला. तिचा हात हलका आहे. नाही उडायचा तुकडा.

"घाल की," तो म्हणाला.

ती क्षणभर तशीच बघत राहिली. मग वळली. टॉमहॉक खांद्यावर गेला.

"खरंच घालू?" या वेळी तिने मागे बघितलं नाही.

तिची उघडी मान त्याला दिसली, कानामागे चिकटलेले केस दिसले, आणि पत्र्यापासून तिचा चेहरा किती जवळ आहे ते दिसलं.

"थांब! अगं थांब!" तो असा धावला की मधली बादली उलटली. त्याने तिचं मनगट धरलं. "नको. कच्चं आहे. उतरवलेलं नाही मी ते. राहिलंय."

कॅप्टन कधी याच्याकडे बघे, कधी तिच्याकडे.

बायकोने मनगट सोडवून घेतलं. "घाईत राहिलं असेल," ती कॅप्टनला म्हणाली, अगदी शांतपणे. "होतं असं. उद्या या तुम्ही. उद्या नक्की."

माणसं गेली. उलटलेल्या बादलीचं पाणी दारापर्यंत आलं होतं. लोहार तिथेच उभा होता. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटत होतं, पण धरणी असल्यांना घेत नाही.

"तुला काही झालं असतं तर..." तो कसाबसा म्हणाला.

"काही झालं नसतं. मी घाव घालणारच नव्हते." तिने खोचलेला पदर सोडला. "काल कानस फिरवली मी त्यावर. किती वर्षांनी! मी वखारीतून आले तरी तुम्ही माझ्याकडे बघेनात, तेव्हाच मला शंका आली. कानस घसरली नुसती."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का, ते बघायचं होतं."

"बोललो ना! बोललो की गं!"

"बोललात," ती म्हणाली. "पण मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा तुम्ही 'घाल' म्हणालात."

कोपऱ्यातून म्हातारी काही बोलेल असं त्याला वाटलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

लोहाराने दांडा उपसला, भट्टी पेटवली. धारेवरचा काळा थर घासून काढला आणि मंद आचेवर पातं धरलं. रंग चढत गेला, पिवळा, मग गव्हाळ, तसं त्याने काढलं. आयुष्यात इतकं चांगलं पातं त्याच्या हातून झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या पात्याने दार चिरलं, काच फोडली, खुंट्या ठोकल्या. पथकाने 'वहिनींचा टॉमहॉक' कायमचा घेतला, आणि कॅप्टन पुढे कामापुरताच येऊ लागला. लोहाराला हवं ते सगळं झालं म्हणायचं.

फक्त एक झालं. आता तो पातं घडवून तिच्यापुढे ठेवतो, तेव्हा ती काही बोलत नाही. शेजारची कानस उचलते आणि धारेवरून फिरवते. प्रत्येक पात्यावर. तो समोर उभा राहतो आणि ती कधी संपवते त्याची वाट बघतो.