चौथा मणी

मी मच्छूच्या कमरेचा करदोडा बोलतोय. जरा वैतागून बोलतोय, ते आधीच सांगतो. लेकराच्या कमरेला राहून माणसांचं जे जे ऐकावं लागतं, ते पायातल्या चपलेलासुद्धा ऐकावं लागत नसेल.

माझा जन्म हसनाबादचा. मच्छूच्या पाचवीला त्याच्या आजीनं, सगुणाबाईनं, काळ्या दोऱ्याचे पाच पदर मांडीवर वळले, एक काळा मणी ओवला आणि मला त्या चिमुकल्या कमरेला बांधलं. त्या घरची रीत अशी, की पहिला मणी पाचवीला आणि पुढं दर वाढदिवसाला एकेक. लेकराला जितवं वर्ष चालू, तितके मणी. मच्छूची दोन वर्षं पुरी झाली तेव्हा माझ्या अंगावर तीन मणी होते.

इतकं सोपं आहे. पण माणसांना सोपं काही चालत नाही.

अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढच्यांनाच खिचडी, म्हणून तिथं मच्छू 'तीन पुरे' व्हायचा. शेजारच्या जयवंताबाईचा नातू आधी चालायला लागला होता, म्हणून तिच्यासमोर मच्छूचे चार महिने कमी व्हायचे. मी आपला तेवढाच, त्याच पोटावर. त्याची आई इंद्रायणी, बाविशीची पोर, सातवी शिकलेली. खिचडीचं खोटं तिचंच. पण बाकी वेळी ती खरं सांगायला गेली तर सगुणाबाई म्हणायची, "तू गप. तुला काय कळतं?"

जिनं जन्म दिला, तिला म्हणे काय कळतं.

दोन हजार पाचची गोष्ट. जालन्याच्या बाहेर झुल्यांचा आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचा पार्क नवा निघाला होता. एसटीच्या खिडकीतून इंद्रायणीनं पाटी वाचली : तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. मच्छू वीस जूनचा, आणि वीसला सोमवार येत होता. तिनं एकोणीसचा रविवार धरला. धर्मराज, तिचा नवरा, भोकरदनला बियाण्याच्या दुकानात कामाला, त्यालाही रविवारची सुट्टी. लग्न झाल्यापासून ती माहेर आणि दवाखाना सोडून कुठं गेली नव्हती. महिनाभर रोज कॅलेंडर बघायची.

शनिवारी सगुणाबाईनं मला सोडलं आणि चौथा मणी ओवला.

"आत्याबाई, वाढदिवस सोमवारी हाय," इंद्रायणी म्हणाली.

"तिथं शंभर जणांची नजर लागंल लेकराला. दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

पडतो हो. पण करदोड्याला कोण विचारतं?

रविवारी गाडीत इंद्रायणी सारखी माझ्यात बोट घालून पीळ देत होती. काळजी वाटली की तिची ही सवय. माझा जीव नकोसा झाला. पाच वेळा तिनं धर्मराजला विचारलं, "जन्माचा कागद घेतला ना?" पाची वेळा त्यानं खिसा थोपटला.

पार्काच्या दारावर तातेराव नावाचे मिशाळ गृहस्थ तिकिटं फाडत होते. मच्छूनं पाणी बघून सदरा केव्हाच फेकला होता. तातेरावांनी त्याच्याकडं पाहिलं. "लहानच हाय लेकरू. दोन-अडीचचं आसंल. चला, तीन मोठी तिकिटं."

झालं होतं हो काम. फक्त गप्प बसायचं होतं.

पण नातवाला कुणी लहान म्हटलेलं सगुणाबाईला सोसत नाही. "लहान? तिसरं सरलं, चौथं लागलं त्याला. हे बघा मणी." आणि तिनं मला ओढून पुढं केलं.

तातेरावांनी बोटानं मणी मोजले. "मंग अर्ध तिकीट लागंल, आजी."

"उद्या लागतंय चौथं," इंद्रायणी घाईनं म्हणाली. "आहो, कागद दाखवा."

धर्मराजनं रुबाबात कागद काढला. त्यावर एक जून ही तारीख होती, म्हणजे तीन वर्षं केव्हाच पुरी. शाळेचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून ग्रामपंचायतीत त्यानंच तशी तारीख लिहवून घेतली होती आणि स्वतःच विसरून गेला होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मागं रांग वाढली.

"ह्याला पिशवीवरची तारीख बदलायला पाठवा," मागून त्याच्या दुकानाचं एक ओळखीचं गिऱ्हाईक बोललं, "बियाणं जुनं निघालं." लोक हसले.

पैसे तीन तिकिटांचे आणि परतीच्या गाडीचे, तेवढेच. धर्मराज हळूच म्हणाला, "वाद नको घालू. तू बाहेर बस. मी आन् आई त्याला फिरवून आणतो."

इंद्रायणीनं माझ्यात बोट घालून आणखी एक पीळ दिला. मग ती तातेरावांना म्हणाली, "दादा, मी आज खोटं बोलत न्हाई."

"आज?" तातेराव मिशीत हसले. "बरं, मंग तुम्हीच सांगा बाई. कवा झालं लेकरू?"

तिला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"वीस जून. भोकरदनच्या दवाखान्यात. दुपारी तीनची हसनाबादची गाडी सुटली, तिचा भोंगा ऐकला मी, आन् हा रडला. आत्याबाई त्याच गाडीनं लुगडी आणायला गेल्त्या. जन्मला तवा त्यांनी बघितलंच न्हाई त्याला."

सगुणाबाई खाली बसली. तिनं मच्छूला जवळ ओढलं, माझी गाठ दातानं सोडली आणि चौथा मणी काढून सुनेच्या हातावर ठेवला. ओवलेला मणी त्या घरात कधी काढत नाहीत.

"हा उद्याचा हाय," ती तातेरावांना म्हणाली. "म्या आज घातला. ती बराबर सांगून राह्यली."

"आन् कागदाचं काय, आजी?"

"कागद ह्यानं लिहवला. करदोडा म्या वळलाय."

तातेरावांनी रांगेकडं पाहिलं, कागदाची घडी घालून धर्मराजच्या खिशात खोचली आणि तीनच तिकिटं फाडली. "जा. पण उद्या नका येऊ."

त्या दिवशी इंद्रायणी मच्छूला मांडीवर घेऊन अकरा वेळा घसरगुंडीवरून आली. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, तेही बोलून घेतो.

सोमवारी दुपारी भोकरदनहून सुटणारी ती तीनची गाडी गावात भोंगा देत आली, तशी इंद्रायणीनं पदराची गाठ सोडली आणि मणी काढला. सगुणाबाई समोरच होती. तिनं दोऱ्याचं टोक थुंकीनं ओलं करून सुनेच्या हातात दिलं. मणी इंद्रायणीनं ओवला. पाचवाही पुढं तिनंच ओवला.

मग मी पुरेनासा झालो. आता मच्छूच्या कमरेला बाजारातला नायलॉनचा करदोडा असतो. मी इंद्रायणीच्या पत्र्याच्या डबीत आहे, त्या तिकिटांशेजारी. इथं निवांत आहे, पीळ देणारं बोट नाही. खरं सांगू? त्याचीच आठवण येते.

एकच मागणं आहे. लेकराचं वय पाहिजे असेल तर आधी आईला विचारा. कागद, मणी, आजी, सगळं नंतर. तोवर दोऱ्याला ओढू नका.