राख धुतलेला घेवडा

“आधी बी बाजूला काढ, मग भूक बघ,” सासूबाई म्हणायच्या. तांबड्या ठिपक्यांचा हा घेवडा त्यांच्या आजीपासून घरात चालत आलेला. बाजारात मिळत नाही. वाटणघाटण लागत नाही. नुसत्या मिठावर मंद शिजवला की रस्सा आपसूक दाट होतो आणि दाणा न फुटता जिभेवर विरघळतो. जाताना त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं, वाण मोडू देणार नाही म्हणून.

त्या सकाळी इस्पितळाच्या धुलाईघरातली रात्रपाळी करून घरी आले. पाय नुसते ओढत होते. ओट्यावर पातेल्यात घेवडा भिजून टम्म फुगलेला आणि शेजारी बियाण्याची बरणी रिकामी.

यांना जाब विचारणारच होते. पण प्रार्थनेआधी बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत. मुकाट्यानं हातपाय धुतले, दिवा लावला, डोळे मिटले. देवाऐवजी पातेलंच दिसत राहिलं.

मागून हे उत्साहानं सांगत होते, “रोज दमून येतेस, म्हटलं आज आईच्या हातची चव आणू. रात्रीच भिजत घातला. काय राख होती गं त्यात! धुता धुता हात दुखले.”

लायटरची खटखट ऐकू आली. मी उठले, न बोलता गॅस बंद केला आणि परत येऊन प्रार्थना पुरी केली.

मग म्हटलं, “कीड लागू नये म्हणून राख लावली होती हो. पेरायचं बी होतं ते. तेवढंच उरलं होतं.”

यांचा चेहरा पडला. “वाळवू या का परत?”

“भिजलेलं बी वाळवलं तर मरतं.”

“आई मला बरणीला हात लावू देत नव्हती, ते काही उगीच नाही.” मग म्हणाले, “मूठभर तरी शिजवू? तूही उपाशीच आहेस.”

मन माझंही चाळवलं. शिजताना सुटणारा तो गोडसर वास नुसत्या आठवणीनंच नाकात आला.

“यातलं उगवेल किती, काय माहीत. नको.”

“बरं, झोप तरी घे. संध्याकाळी पेरू.”

“आडवी झाले तर उद्याच उठेन. तोवर कुजायचं.”

कोरडा पाव चहात बुडवून खाल्ला. दाणे निथळून ओल्या फडक्यात बांधले, खुरपं घेतलं आणि चपला पायात सरकवून मागच्या कुंपणाकडे निघाले.