वरचा खण, खालचा खण

मित्रांनो, मी कर्जतच्या तारघरातली एक जुनी लाकडी पेटी आहे. मला दार नाही, नुसते दोन खण. माझ्या आयुष्यात सांगण्याजोगे काही आहे का, याची मला आजही खात्री नाही. तरी सांगून पाहते.

भिसेगावच्या एका सुताराने १९५४ साली सागाच्या उरलेल्या फळ्यांतून मला बनवले. लोकांनी लिहून दिलेल्या तारा, त्या पाठवण्याची पाळी येईपर्यंत, माझ्यात थांबत. तातडीच्या वर, साध्या खाली. कल्याणकडे जाणारी लाइन एकच. तारमास्तर आबाजी आधी वरचा खण रिकामा करत, मगच खालचा. नियमच तसा होता आणि मला त्याचा अभिमान वाटे.

एकदा भाताच्या हंगामात पोशीरच्या सोनुबाई सकाळीच आल्या. त्यांची जया साताऱ्याला मामाकडे होती. तिला नर्सिंगच्या मुलाखतीसाठी दुसऱ्या दिवशी अकराला पुण्यात हजर व्हायचे होते, आणि ते पत्र घरी उशिरा पोचले होते. तारेचा मजकूर गावच्या गुरुजींनी लिहून दिला होता. आबाजींनी फक्त शब्द मोजले आणि विचारले, "साधी की तातडीची?"

सोनुबाईंना वाटले, आपलीच चौकशी चालली आहे. पदर सावरून त्या म्हणाल्या, "साधीच हाय मास्तर. आमी साधी मानसं."

कागद खालच्या खणात गेला.

त्या दिवशी गिरणीवाल्यांच्या तांदळाच्या भावाच्या तातडीच्या तारा येतच राहिल्या. वरचा खण रिकामा होतो न होतो तोच भरे. खालचा कागद हलेना. मला तर बोलता येत नव्हते. तार वाटणारा नामा दुपारी म्हणाला, "आबाजी, खालच्या खणात कोळ्यानं घर बांधलंय. आता वास्तुशांतीचं बोलावणं येईल." आबाजी हसले नाहीत. आधी वरचा संपू दे, एवढेच म्हणाले.

चार वाजता सोनुबाई बाकावरून उठून खिडकीशी आल्या. "मास्तर, माज्या मागून आलेली मानसं घरी जेवून परत आली. माजी जया कवा निघंल?"

आबाजींचा हात थांबला. त्यांनी तो कागद काढला आणि पहिल्यांदा नीट वाचला. मग वरच्या सात तारा बाजूला ठेवून तीच पाठवायला घेतली. खिडकीशी उभा असलेला एक गिरणीवाला कुरकुरला, आपली तर तातडीची आहे म्हणून.

"हिचीही होती," आबाजी म्हणाले. "मलाच नीट विचारता आलं नाही."

तिसऱ्या दिवशी पुण्याहून तार आली. जयाची निवड झाली होती. ती तार नामाने सायकल दामटत पोशीरला नेली. त्याच संध्याकाळी आबाजींनी माझ्या कडेवर पेन्सिलीने लिहिले, 'चार वरच्या झाल्या की एक खालची.' आणि साधी की तातडीची, हे विचारण्याआधी ते प्रत्येकाला विचारू लागले, कधीपर्यंत पोचायला हवी? गिरण्यांच्या तारा थोड्या उशिरा जात. कुठली गिरणी त्यामुळे बंद पडल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

१९८४ साली नवे यंत्र आले आणि मी कपाटामागे गेले. एकदा सफाईसाठी मला बाहेर बाकावर काढून ठेवले होते, तेव्हा मुंबईच्या कचेरीत संगणकावर काम करणारे एक गृहस्थ तार करायला आले. त्यांनी माझ्यावरची धूळ पुसून ती ओळ वाचली. त्यांच्या मोठ्या संगणकातही निरोप असेच रांगेत थांबतात, म्हणाले, आणि वरचे येत राहिले की खालचे अडकून पडतात. त्यांनी ती ओळ वहीत उतरवून घेतली. मला फार बरे वाटले.

आता माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. त्याचे एवढे काही नाही. पण मित्रांनो, कधी तुमच्या हाती रांग आली, तर तळाशी गप्प पडलेला कागद एकदा उचलून वाचा. तो स्वतःहून काही मागणार नाही.