पत्ता बदलला नाही, काढून घेतला

मित्रांनो, मी एक जुना आयपी पत्ता आहे. टिंबांनी जोडलेले चार आकडे, एवढाच माझा देह. बोलायची मला सवय नाही, पण एका खोट्या आरोपाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे.

माझी मालकीण एक कंपनी आहे. तिच्या थंडगार दालनांत संगणक अखंड घुमत असतात. इमारतीत बिऱ्हाडे असावीत तशी एकेका संगणकाच्या पोटात अनेक आभासी यंत्रे थाटलेली असतात. प्रत्येक यंत्राला आपसात हाक मारायला एक खासगी पत्ता मिळतो, आणि बाहेरच्या जगाने गाठावे म्हणून माझ्यासारखा सार्वजनिक पत्ता. आम्ही कंपनीच्या साठ्यात पडून असतो. यंत्र सुरू झाले, की जो मोकळा असेल तो त्याच्या दारावर लागतो. यंत्र बंद केले, की तो साठ्यात परत जातो, आणि तेच यंत्र पुन्हा सुरू केले तर त्याला दुसराच कोणी मिळतो. पत्ता कायम हवा असेल तर 'हा आमच्यासाठी राखून ठेवा' असे कंपनीला कळवावे लागते. हे काम चहा निवायच्या आत होते.

मला लहान मुलांच्या एका रुग्णालयाच्या यंत्रावर लावले. रुग्णालय डॉक्टरीणबाईंचे, आणि संगणकाचे सगळे काम त्यांच्या धाकट्या दिराकडे. त्याला सगळेच भावोजी म्हणत. ज्या मुलांची फुप्फुसे कमजोर होती, त्यांच्या घरी श्वासाची उपकरणे दिलेली होती. ती आपली खबर माझ्याकडे पाठवत. त्यांच्यावरचे लाल बटण दाबले, की आईला थेट सिस्टरशी बोलता येई.

"भावोजी, हा पत्ता कायमचा ना?" बाईंनी तेव्हाच विचारले होते.

"वहिनी, तुम्ही औषधं बघा. हे माझ्यावर सोडा."

त्याने मला राखून ठेवले नाही. घरोघरच्या उपकरणांत मात्र माझे आकडे जसेच्या तसे भरून टाकले.

मी इमानाने राबलो. "सिस्टर, तुमचा आवाज आला की जीव भांड्यात पडतो," असे एक आई म्हणाली, तेव्हा मला माझ्या आकड्यांचा अभिमान वाटला होता.

मग एका दुपारी भावोजीने यंत्राची क्षमता वाढवायला ते बंद केले. मी साठ्यात गेलो. यंत्र पुन्हा सुरू झाले, त्याला नवा पत्ता मिळाला. पडद्यावर सगळे चालू दिसले, आणि भावोजी जेवायला गेला. मला तोवर चपलांच्या एका दुकानाच्या यंत्रावर लावले होते.

उपकरणांना हे कोण सांगणार? ती माझ्याकडेच येत राहिली. दुकानाच्या यंत्राला त्यांची भाषा कळेना, म्हणून ते सगळे फेकून देत होते. त्यातच एक आवाज आला.

"सिस्टर, खारूला हवा मिळत नाहीये. ओठ निळे पडतायत. ऐकताय ना?"

खारू म्हणजे तिची लेक. शब्द न् शब्द माझ्यापर्यंत पोहोचला, पण मला तोंड नाही.

"सिस्टर, बोला ना काहीतरी."

मग लेकीला उचलल्याचा, दार आपटल्याचा, जिन्यावर धावल्याचा आवाज. नंतर काहीच नाही.

पुढचे मला कळले ते बाई आणि भावोजी ते उपकरण तपासायला खारूच्या घरी आले तेव्हा. त्यांनी लाल बटण दाबले आणि त्यांचे बोलणे माझ्याच दारी आले. शेजारच्या सुताराने मायलेकींना गाडीत घालून रुग्णालयात नेले होते. खारू वाचली. घशात नळी असल्याने तिला अजून बोलता येत नव्हते. तिची हाक आली तेव्हा रुग्णालयातल्या पडद्यावर तर यंत्र बंद होण्याआधीचे खारूचे जुनेच हिरवे आकडे झळकत होते, म्हणून तिथे कोणाला काही कळले नव्हते.

"माझी चूक नाही, वहिनी. पत्त्यानंच दगा दिला. आपोआप बदलला."

"आपोआप?" बाईंनी आवाज चढवला नाही. "यंत्र बंद केलं की पत्ता जातो, हे माहीत होतं का तुम्हाला?"

"माहीत होतं. लक्षात राहिलं नाही."

तेव्हा दार उघडून द्यायला रुग्णालयातून घरी आलेली खारूची आई बोलली. "ते बटण नसतं ना, तर मी तेव्हाच पळत सुटले असते. सिस्टर बोलतील म्हणून थांबले मी."

"प्रत्येक घरी तुम्ही स्वतः जायचं," बाई दिराला म्हणाल्या. "काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आणि दगा हा शब्द वापरायचा नाही."

त्याने नवा पत्ता राखून घेतला, त्याला पत्ता बदलला तरी न बदलणारे एक नाव जोडले आणि उपकरणात ते नाव भरले. त्या घराशी माझा संबंध तिथेच तुटला.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही. मी पळून गेलो नव्हतो, मला काढून घेतले होते. आमची कीव करू नका, आमचे गोडवे गाऊ नका. पण ज्या दारावर कोणाचा तरी श्वास अवलंबून आहे, ते दार आधी पक्के करा. मगच एखाद्या आईला सांगा, की इथे हाक मार.